कॉन्कॉर्ड द्राक्षं घरी नेलीत, आता त्यांचं काय काय करायचं?

सप्टेंबरच्या मध्यापासून जेमतेम चार-पाच आठवडे आपल्या दुकानात न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्स भागातली कॉन्कॉर्ड द्राक्षं येतात. दरवर्षी कुणीतरी हौसेने पेटी नेतं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, अहो साल जाड आहे, आत बिया आहेत, खराब निघाली का? नाही हो, ही जातच अशी. आपल्या जिभेला नाशिकच्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांची सवय, आणि तिकडे तर आत्ता कुठे ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू होते, फळ जानेवारीनंतर. ही द्राक्षं मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावी एफ्रेम बुल यांनी १८४९ साली इथल्या रानद्राक्षापासून काढली, थंडी सोसणारी. इथल्या जांभळ्या ग्रेप ज्यूसला जो वास येतो ना, तो यांचाच.

नुसती खायला बरीच आहेत पण शिजवली की खरी खुलतात, आणि त्यासाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा, साल फेकून देऊ नका. रंग आणि वास दोन्ही सालीत आहे. द्राक्ष देठाकडून चिमटीत दाबलं की आतला हिरवट गोळा टपकन वाटीत पडतो आणि रिकामी साल बोटात राहते, लहान मुलांना हे काम द्या, खूप आवडतं (जुने कपडे घालून, डाग जात नाहीत). सालं एका भांड्यात, गर दुसऱ्यात. गर पाणी न घालता मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळला की बिया सुटतात, मग पुरणयंत्रातून नाहीतर गाळणीतून गरम असतानाच गाळायचा. मिक्सर अजिबात नको, पहिल्या वर्षी आम्ही फिरवला होता, बिया फुटून सगळा गर कडू झाला. गाळलेल्या गरात सालं परत घातली की दोन मिनिटांत फिकट हिरव्याचा गडद जांभळा होतो, बघत राहावंसं वाटतं.

आता पाय (pie), म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजायचा गोड पदार्थ. फिंगर लेक्समधलं नेपल्स गाव या ग्रेप पायसाठीच ओळखलं जातं. ९ इंची पायला साधारण ९०० ग्रॅम द्राक्षं, पाऊण ते एक कप साखर, ३ टेबलस्पून कॉर्नस्टार्च, एक चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. कॉर्नस्टार्च आधी साखरेत मिसळा म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सारण पूर्ण गार करूनच भरा, गरम भरलंत तर खालचा थर ओला राहतो. ४२५ फॅरनहाइटला १५ मिनिटं, मग ३७५ वर अर्धा तास, मधोमध बुडबुडे दिसेपर्यंत काढू नका. आणि कापायची घाई नको, तीन-चार तास तरी थांबा, नाहीतर सगळं वाहून जातं.

पाय नको असेल तर मेथांब्यासारखं करून बघा, आमच्या घरी हेच जास्त संपतं. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, त्यात सालीसकट गर, तिखट, मीठ आणि चवीप्रमाणे गूळ, दाटसर होईपर्यंत आटवायचं. थालीपिठाबरोबर फार छान लागतं.

नुसता रस काढून फ्रिजमध्ये ठेवलात तर तळाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतील, घाबरू नका, ते द्राक्षातल्याच आंबट क्षाराचे आहेत, कापडातून गाळून घ्या. द्राक्षावरचा पांढरट थर पण नैसर्गिक मेणच आहे, औषध नाही, धुवायची मात्र वापरायच्या वेळीच, ओली ठेवली की बुरशी धरतात.

घरात कुत्रा असेल तर द्राक्ष, मनुका, पाय काहीच त्याच्या तोंडी लागू देऊ नका, थोडीशीसुद्धा त्याच्या किडनीला घातक ठरू शकतात. लहान मुलांना बिया काढून, चिरूनच द्या.

पेटी एकदम संपणार नसेल तर पायचं सारण करून पिशवीत सपाट भरून फ्रीझ करा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला बाहेर काढून थेट पायमध्ये भरता येतं.