'गो स्लो'ची पाटी बरोबर आहे, उगाच खोडू नका

व्हॉट्सॲपवर एक रील फिरतंय, घाटातल्या 'गो स्लो'च्या पाटीवर लाल फुली आणि खाली 'करेक्ट इंग्लिश: गो स्लोली'. कारण काय, तर स्लो हे विशेषण, क्रियापदाला क्रियाविशेषण लागतं आणि क्रियाविशेषण म्हणजे शेवटी 'ली'. शाळेत आपल्यालाही असंच शिकवलंय. पण पाटीत काहीच चूक नाही, आणि का नाही ते बघायला हजारेक वर्षं मागे जावं लागतं. हा भाग माझा फार लाडका आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

साधारण 1100 सालाआधीच्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी नुसता 'ए' जोडला की क्रियाविशेषण तयार. 'हेआर्ड' म्हणजे कठीण, 'हेआर्डे' म्हणजे कठोरपणे, जोर लावून. 'फॅस्ट' म्हणजे घट्ट, 'फॅस्टे' म्हणजे घट्टपणे (वेगवान हा अर्थ नंतरचा, 'फास्ट अस्लीप'मध्ये जुना घट्टपणा अजून शिल्लक आहे, नाहीतर माणूस भरधाव झोपला म्हणायची वेळ!). शिवाय नामाचं विशेषण करायला 'लिच' हा वेगळा प्रत्यय होता, फ्रेंडली त्यातूनच आला. या 'लिच'लाही नियमाप्रमाणे 'ए' लावायचा, झालं 'लिचे'. म्हणजे बघा, क्रियाविशेषणाचं खरं काम करणारा होता तो 'ए', 'लिच' बिचारा विशेषणवाला.

पुढे घोळ झाला. इंग्रजीत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बहुतेक शब्दाच्या सुरुवातीला, त्यामुळे शेवटचे स्वर आधी अर्धवट उच्चारले जायला लागले आणि 1400च्या आसपास हा 'ए' बोलण्यातून कापरासारखा उडून गेला. मग हेआर्ड आणि हेआर्डे दोन्हीचं झालं हार्ड, फॅस्ट आणि फॅस्टे दोन्हीचं झालं फास्ट, आणि लिच-लिचे दोन्ही घासून घासून 'ली'. आता ओळखायचं कसं? लोकांनी उरलेला 'ली' धरला आणि तोच क्रियाविशेषणाचा शिक्का केला, पण फ्रेंडली, लव्हली ही जुनी विशेषणं तशीच राहिली आणि हार्ड, फास्ट ही बिनशिक्क्याची क्रियाविशेषणंही. हार्डली तर अर्थ बदलून 'जेमतेम'वर गेला, म्हणून 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे कष्टाळू आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामचुकार. बायोडेटात जपून.

स्लोसुद्धा याच बिनशिक्क्यांच्या रांगेत येऊन बसला. शेक्सपियरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये चंद्र 'स्लो'च क्षीण होतो, 'स्लोली' नाही. मग फुली मारायची सवय कुठून आली? 1762 साली रॉबर्ट लोथ या पाद्र्याचं व्याकरण आलं, त्यात विशेषण क्रियाविशेषणासारखं वापरणं अयोग्य म्हटलंय आणि ड्रायडन, स्विफ्ट असल्या बड्या लेखकांच्या चुका काढल्यात. पुढच्या शाळामास्तरांनी अशी मतं नियम म्हणून घोटली.

आपली गडबड आणखी वेगळी. मराठीत 'तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते', शब्द क्रियेबद्दल सांगतोय पण लिंग खेळणाऱ्याचं घेतोय, आणि 'छान' तर विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही म्हणून चालतो. मग 'शी प्लेज गुड' तोंडात येणारच, तिथे प्रमाण इंग्रजी 'वेल' मागतं (अमेरिकेत बोलताना गुडही सर्रास ऐकू येतं). 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' विकणारे क्लासवाले हे काही सांगत नाहीत, त्यांच्या जाहिरातीतला 'फाडफाड' स्वतःच क्रियाविशेषण असून नामाला चिकटलाय!

दिसणं, वास येणं, चव लागणं अशा क्रियापदांना मात्र विशेषणच. भाजी 'स्मेल्स बॅड', कारण बॅड भाजी आहे, वास घ्यायची क्रिया नाही. तिथे 'इज' घालून बघायचं, 'द भाजी इज बॅड' जुळलं की झालं.

आणि स्लोला एक बंधन आहेच, आजच्या इंग्रजीत तो बहुधा क्रियापदानंतरच येतो. 'ड्राइव्ह स्लो' ठीक, पण दार हळूच उघडलं म्हणताना 'ही स्लो ओपन्ड द डोअर' कोणी इंग्रज म्हणणार नाही, तिथे स्लोलीच लागतं. पाटीवर तसा प्रश्नच येत नाही, स्लो शेवटीच आहे.