जगज्जेता मुष्टियोद्धा पन्नास मीटर का पोहू शकला नाही?

१९७३ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर ‘द सुपरस्टार्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना डिक बटनची. तो स्वतः फिगर स्केटिंगमधला ऑलिंपिक विजेता. निरनिराळ्या खेळांतले अव्वल खेळाडू फ्लोरिडात रोटोंडा इथे बोलवायचे आणि त्यांना धावणं, पोहणं, सायकल, वजन उचलणं, टेनिस, बोलिंग (चेंडू घरंगळत सोडून पिना पाडणं), अडथळ्यांची शर्यत अशा स्पर्धांत एकमेकांविरुद्ध उतरवायचं. अट एकच: ज्याचा जो खेळ, त्यात त्याने उतरायचं नाही.

पहिल्याच वर्षी पोहण्याच्या शर्यतीत जो फ्रेझर उतरला. दोन वर्षांपूर्वी मोहम्मद अलीला हरवणारा हेवीवेट मुष्टियोद्धा. त्याच जानेवारीत जॉर्ज फोरमनने त्याचं जगज्जेतेपद हिरावून घेतलं होतं, पण ताकद आणि दम या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती. शर्यत जेमतेम पन्नास मीटरची. चार हात मारले न मारले तोच त्याची दमछाक झाली आणि तो बुडता बुडता वाचला. आपल्याला पोहताच येत नव्हतं, हे त्याने नंतर सांगून टाकलं.

लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. मला मात्र फ्रेझरबद्दल आदर वाटतो, आणि तो प्रसंग म्हणजे शरीरशास्त्राचा एक उघडा धडा वाटतो. पंधरा फेऱ्या ठोसे देत आणि खात उभा राहणारा माणूस एका मिनिटाच्या आत गळून कसा जातो?

पहिलं कारण पाणीच. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं आणि त्याचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की अडसर चौपट होतो. त्यात स्नायूंची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त आणि चरबीची कमी. पिळदार शरीराचे पाय खाली जातात, धड तिरपं होतं आणि अंगाचा मोठा भाग पाण्याला आडवा येतो. पट्टीचा पोहणारा अंग पाण्याच्या पातळीला समांतर ठेवतो, श्वास हाताच्या लयीत बसवतो. न शिकलेला माणूस डोकं वर काढायला धडपडतो. डोकं वर गेलं की पाय आणखी खाली. मग जितकी ताकद जास्त लावावी तितकं पाणी जास्त घुसळलं जातं, पुढे सरकणं होतच नाही. फ्रेझरची ताकद तिथे त्याच्या उपयोगी पडली नाही, उलट त्याला लवकर दमवून गेली.

दुसरं कारण जास्त खोलातलं आहे, आणि ते उत्तम पोहणाऱ्यांनाही लागू पडतं. दम, स्टॅमिना, आपण ज्याला म्हणतो तो शरीरात एका जागी साठवलेला नसतो. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, यावरून शास्त्रज्ञ दम मोजतात. १९७५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही तरुणांना दहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, रोज तासभर पोहण्याचा सराव दिला. पोहताना मोजली तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेली निघाली. त्यांनाच पळायला लावून मोजली, तेव्हा वाढ जेमतेम दीड टक्का! हृदय तेच, फुप्फुसं तीच. पण सराव झाला होता खांद्यांच्या आणि दंडांच्या स्नायूंचा. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया आणि रक्त पोचवणाऱ्या केशवाहिन्या त्या स्नायूंत वाढल्या. मांड्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

तरीही काही खेळाडू या कार्यक्रमात एकामागून एक स्पर्धा जिंकत गेले. पहिल्या वर्षीचा विजेता बॉब सीग्रेन, पोल व्हॉल्टमधला १९६८चा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता. ब्रिटनमध्ये बीबीसीने असाच कार्यक्रम सुरू केला, तिथे पहिला नंबर डेव्हिड हेमरीचा, तो ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचा ऑलिंपिक विजेता. पुढे अमेरिकेत रेनाल्डो नेहमायाने चार वेळा बाजी मारली. ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३ सेकंदांच्या आत धावणारा हा पहिला माणूस (१९८१, १२.९३ सेकंद). बांबूवरून उडी आणि अडथळे, या दोन्ही प्रकारांत वेग, उसळी, लय आणि अंगावरचा ताबा एकदमच लागतात, आणि स्वतःच्या वजनाच्या मानाने ताकद भरपूर लागते. असं शरीर बऱ्याच ठिकाणी कामाला येतं. म्हणजे खेळ बदलताना सगळंच मागे राहतं असं नाही.

आपल्याकडचं उदाहरण साताऱ्याच्या ललिता बाबरचं. माण तालुक्यातली ही मुलगी आधी खो-खो खेळायची. नंतर लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. खो-खोत क्षणात दिशा बदलणं, बसल्या जागेवरून उसळून उठणं, पुन्हा पुन्हा वेग घेणं असतं. स्टीपलचेसमध्ये दमल्या पायांनी अडथळा आणि पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. नातं अगदीच दूरचं नाही. पण या दोन टोकांमध्ये तिची अनेक वर्षांची मेहनत आहे, हे विसरून चालणार नाही.

आता शरीर बाजूला ठेवू. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती गोष्ट डोळ्यांची आणि मेंदूची आहे, आणि तीसुद्धा कॅमेऱ्यासमोरच घडली.

जेनी फिंच ही अमेरिकेची सॉफ्टबॉल गोलंदाज, २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघातली. त्याच वर्षी एका प्रदर्शनीय सामन्यात तिने बेसबॉलमधल्या नावाजलेल्या फलंदाजांना चेंडू टाकले. अल्बर्ट पुहोल्स, माइक पियाझा, ब्रायन जाइल्स. तिघेही चेंडूला बॅट न लावता बाद. टीव्हीवरच्या बेसबॉलच्या एका कार्यक्रमासाठीही ती मोठमोठ्या फलंदाजांसमोर उभी राहत असे, आणि तिथेही त्यांची गत फारशी वेगळी नव्हती.

सॉफ्टबॉलचा चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा, म्हणजे दिसायला सोपा. वेगही कमी, ताशी १०५ ते ११० किलोमीटरच्या आसपास. बेसबॉलचे उत्तम गोलंदाज ताशी १५० किलोमीटरच्या वर जातात. पण सॉफ्टबॉलमध्ये अंतर कमी, ४३ फूट, बेसबॉलमध्ये साडेसाठ. हिशेब केला तर दोन्हीकडे फलंदाजाला मिळणारा वेळ जवळपास सारखाच येतो, सुमारे चार दशांश सेकंद. वेळ तितकाच आणि चेंडू मोठा, मग अडलं कुठे?

प्रतिक्रियेचा वेग कमी पडला म्हणावं, तर तेही नाही. २००६ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पुहोल्सची चाचणी झाली. दिवा लागताच बटण दाबायचं, या साध्या परीक्षेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तुलनेत तो शंभरातल्या ६६ जणांच्या पुढे निघाला. म्हणजे ३४ साधी मुलं त्याच्याइतकी किंवा त्याच्याहून चपळ! डोळ्याने पाहून स्नायू हलायला माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतोच, आणि बॅट फिरवायलाही वेळ लागतो. चेंडू अर्ध्या वाटेवर येईपर्यंत निर्णय झालेला असावा लागतो. ‘चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेव’ असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो, पण त्या शेवटच्या टप्प्यात जे दिसतं त्यावर काही करायला शरीराकडे वेळच उरत नाही.

म्हणून फलंदाज चेंडूच्या आधी गोलंदाज वाचतो. खांदा किती वळला, कंबर कधी उघडली, मनगट कसं आहे. संशोधकांनी खेळाडूंना चित्रफिती दाखवून त्या चेंडू सुटण्याआधीच, किंवा शटलवर रॅकेट बसण्याआधीच, थांबवल्या आणि विचारलं, आता काय होईल? मुरलेले खेळाडू बऱ्याच अंशी बरोबर सांगतात, नवखे अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. क्रिकेटमध्येही २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग घेतला गेला. चेंडू सुटला की त्यांची नजर चेंडूच्या मागे मागे न जाता, तो जिथे टप्पा पडणार तिथे आधीच उडी घेते, आणि चांगल्या फलंदाजाची नजर आणखी लवकर.

‘सुपरस्टार्स’ सुरू झाला त्याच १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, हा योगायोग मला फार आवडतो. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा मांडायचा. सोंगट्या कशाही विखुरल्या की त्याची आघाडी नाहीशी व्हायची. त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. ओळखीचे आकृतिबंध त्याला एकगठ्ठा दिसायचे. बसवरची ‘स्वारगेट’ ही पाटी आपण अक्षर अक्षर लावून वाचत नाही, नजर पडताच ती कळते. देवनागरी न येणाऱ्याला मात्र तिथे नुसत्या रेघा दिसतात. पुहोल्सचं तेच झालं. त्याचा मेंदू वर्षानुवर्षं खांद्याच्या वरून येणाऱ्या हाताची भाषा शिकला होता. फिंचचा हात पूर्ण गोल फिरून कमरेजवळून चेंडू सोडायचा. त्या हालचालीत खुणा भरपूर होत्या, फक्त त्याला लागणाऱ्या एकही नाही.

आणि इथेच अशा कार्यक्रमांतला धोका आहे. खेळाडूचं शरीर सामान्य माणसापेक्षा कितीतरी जास्त वेग आणि जोर निर्माण करू शकतं, पण त्या नव्या खेळातला धोका ओळखणारी नजर त्याच्याकडे नसते. १९७६ साली ‘सुपरस्टार्स’मध्ये इंग्लंडचा फुटबॉलपटू केव्हिन कीगन सायकल शर्यतीत जोरात आपटला, पाठ सोलवटून निघाली. तरी तो पुन्हा सायकलवर बसला आणि सगळ्या खेळांची मिळून स्पर्धेची ती फेरी जिंकून गेला. ही जिद्द त्याच्या खेळातूनच आलेली. सायकल वळवण्याची समज येऊ शकली नाही.

ब्रिटनमधल्या ‘द जम्प’ या कार्यक्रमाने तर मर्यादाच ओलांडली, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात नामवंतांना थोड्या तयारीवर पायांना स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, बांधून उड्या मारायला लावत. २०१६ साली ऑलिंपिक जलतरणपटू रिबेका ॲडलिंग्टनचा खांदा निखळला. लंडन ऑलिंपिकमधली कांस्यपदक विजेती जिम्नॅस्ट बेथ ट्वेडल सरावात कठड्यावर आदळली, मानेचे मणके मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली. हवेत आपलं अंग कुठे आहे याची जाण ट्वेडलइतकी फार थोड्यांना असेल. पण जिम्नॅस्ट ठरलेल्या जागी, गादीवर उतरते आणि तिथेच थांबते. स्कीवर उतरल्यावर वेग तसाच पुढे चालू राहतो, आणि तो जिरवायची सवय पायांना लागायला कित्येक हंगाम जावे लागतात. तिला त्यासाठी फार थोडा वेळ मिळाला होता. चार पर्वांनंतर, २०१७ मध्ये, तो कार्यक्रम बंद झाला.