तेल दबतं: हायड्रॉलिक सर्किटचं गणित तिथूनच सुरू होतं

'द्रव दाबता येत नाहीत' हे वाक्य शाळेत पास्कलच्या नियमाबरोबरच पाठ होतं. लहान पिस्टनवर थोडा जोर लावला की मोठ्या पिस्टनवर कित्येक पट जोर मिळतो, कारण दाब सगळीकडे सारखाच. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते याच तत्त्वावर, आणि प्रेस किती टनांचा हवा हे काढायला हा नियम आजही पुरतो. (याच नियमाचा आधार घेऊन 'फुकट ऊर्जा' देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ फिरत असतात. जोर दहापट होतो तेव्हा मोठा पिस्टन लहान पिस्टनच्या एक दशांश अंतरच सरकतो. दाब गुणिले सरकलेलं आकारमान दोन्हीकडे तेवढंच राहतं. असल्या यंत्रावर पैसे लावू नयेत.)

पण क्रेनची बूम (उचलणारा लांब हात) थांबवल्यावरही झुलत का राहते? रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडून तेल सोडणारी झडप) २०० बारला (बार हे दाबाचं एकक) लावलेला असताना सेन्सरवर २७० बारचा सुळका का दिसतो? या प्रश्नांपुढे पास्कलचा नियम गप्प बसतो, कारण त्यात वेळच नाही. वेळ गणितात येते ती तेल दबतं हे मान्य केल्यावर.

किती दबतं, ते बघू. पदार्थ दाबायला किती चिवट आहे, ते बल्क मॉड्युलस सांगतो. हायड्रॉलिक यंत्रातल्या खनिज तेलासाठी तो सुमारे १,४०० मेगापास्कल धरता येतो. २०० बार म्हणजे २० मेगापास्कल. वीस भागिले चौदाशे म्हणजे साधारण १.४ टक्के. एक लिटर तेल २०० बारला नेलं की ते १४ मिलिलिटरने आक्रसतं. एवढंसंच, पण सर्किटचा (पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्या जोडणीचा) सगळा स्वभाव या १४ मिलिलिटरमध्ये आहे.

सिम्युलेशनचं, म्हणजे सर्किट संगणकावर गणिताने चालवून बघण्याचं, मुख्य समीकरण यातूनच निघतं. सर्किटमधला तेलाने भरलेला कुठलाही बंद कप्पा घ्या, मग तो सिलिंडरची एक बाजू असो, पाइप असो की व्हॉल्व्हच्या आतली पोकळी:

दाब वाढण्याचा वेग = (बल्क मॉड्युलस ÷ कप्प्याचं आकारमान) × (आत येणारा प्रवाह − बाहेर जाणारा प्रवाह − कप्पा स्वतः मोठा होण्याचा वेग)

कंसातला शेवटचा भाग पिस्टनचा आहे. पिस्टन सरकला की कप्पा मोठा होतो आणि तेवढं तेल दाब वाढवण्याऐवजी ती जागा भरण्यात जातं.

आता आकडे घालू. पंप मिनिटाला ६० लिटर, म्हणजे सेकंदाला एक लिटर तेल देतो. कप्पा एक लिटरचा, बाहेर जायची वाट बंद. दाब सेकंदाला १४,००० बार या वेगाने वाढतो. शून्यापासून २०० बारला पोचायला लागतात फक्त १४ मिलिसेकंद. रिलीफ व्हॉल्व्हच्या पॉपेटला (आतल्या सरकत्या बुचाला) वजन आहे, मागे स्प्रिंग आहे, ते क्षणात उघडत नाही. त्याने पाच मिलिसेकंद उशीर केला तरी तेवढ्यात दाब आणखी ७० बार चढलेला असतो. २७० चा सुळका तो हाच. गळक्या सीलचा किंवा बिघडलेल्या सेन्सरचा संशय घेण्याआधी हा भागाकार करून बघावा.

दुसरा घटक म्हणजे अडथळा: ऑरिफिस (बारीक छिद्र), व्हॉल्व्हची फट, फिल्टर. इथे प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. एक मिलिमीटर व्यासाचं छिद्र, दाबाचा फरक १०० बार, तेलाची घनता घनमीटरला ८७० किलो आणि प्रवाह गुणांक (आदर्श प्रवाहापैकी प्रत्यक्षात किती जातो ते प्रमाण) ०.६२ घेतला, तर मिनिटाला साधारण ४.४ लिटर तेल जातं. फरक चौपट केला की प्रवाह फक्त दुप्पट होतो.

सर्किटचं मॉडेल उभं करायचं ते याच दोन घटकांनी. दोन अडथळ्यांच्या मधली प्रत्येक जागा हा एक कप्पा, आणि त्याचा दाब हा एक अज्ञात. प्रत्येक पिस्टनची जागा आणि वेग हे आणखी दोन अज्ञात. पंप, रिलीफ व्हॉल्व्ह, दिशा बदलणारा व्हॉल्व्ह आणि एक सिलिंडर एवढ्याला तीन दाब, एक जागा, एक वेग अशी पाच समीकरणं पुरतात. एका पानावर मावतात.

मात्र त्यात बल्क मॉड्युलसचा आकडा १,४०० म्हणून कायमचा ठोकून दिला की मॉडेल खोटं बोलू लागतं, कारण तेलात हवा असते. टाकीत परतणारं तेल फेसाळतं आणि सक्शनच्या (पंपाकडे तेल ओढणाऱ्या पाइपच्या) सैल जोडातून हवा ओढली जाते. समजा साध्या वातावरणीय दाबाला तेलात एक टक्का हवेचे बुडबुडे आहेत. तापमान बदलत नाही असं धरून, दोघांचं दबणं एकत्र केलं तर मिश्रणाचा बल्क मॉड्युलस असा येतो: १ बार निरपेक्ष (पूर्ण निर्वातापासून मोजलेल्या) दाबाला जेमतेम १० मेगापास्कल, १० बारला सुमारे ५८०, आणि १०० बारला १,३८०. एकाच तेलाचा चिवटपणा १ ते १०० बारच्या पल्ल्यात जवळजवळ १४० पट बदलला!

कारण सरळ आहे. १०० बारला बुडबुडे शंभर पट आक्रसलेले असतात, आणि जी थोडी हवा उरते तीही तेवढीच घट्ट झालेली असते. दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात, म्हणून हवेचा वाटा दाबाच्या वर्गाने घटतो. कमी दाबाला मात्र हवाच राज्य करते. म्हणूनच हवा भरलेलं सर्किट सुरुवातीला स्पंजासारखं लागतं आणि दाब चढल्यावर एकदम ताठ होतं. रिकामी बूम हळू खाली आणताना ती थरथरते आणि भरलेली बूम तेवढी थरथरत नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं. मॉडेलमध्ये बल्क मॉड्युलस हा दाबाचं फलन म्हणूनच लिहायचा. त्याचा आणखी एक फायदा होतो. स्थिर आकडा घेतला तर पिस्टन जोरात ओढला गेल्यावर मॉडेल निरपेक्ष शून्याच्याही खाली, उणे ३० बार असले दाब दाखवतं. काही जण तिथे 'शून्याखाली जाऊ नको' अशी अट घालतात. मग तेवढं तेल हिशेबातून गायब होतं आणि पुढचं सगळं चुकतं. हवेसकट लिहिलेलं समीकरण शून्याजवळ आपोआप मऊ होतं, आणि अशी अट लागतच नाही.

संगणकावर चालवताना दोन ठिकाणी ठेच लागते. पहिलं ठिकाण ते वर्गमूळ. दाबाचा फरक शून्याजवळ आला की वर्गमुळाच्या आलेखाचा चढ अनंत होतो, आणि दोन्ही बाजूंचे दाब सारखे होताच सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) मागेपुढे करत अडकतो. खऱ्या तेलात मंद प्रवाह लॅमिनार (थराथरांनी शांत वाहणारा) होतो आणि दाबाच्या सरळ प्रमाणात वागतो. म्हणून अगदी कमी फरकासाठी सरळ रेषा आणि पुढे वर्गमूळ, असं सांधा न दिसेल अशा रीतीने जोडायचं.

दुसरं ठिकाण म्हणजे बारके कप्पे. एक घनसेंटिमीटरची पोकळी, तिला तीन मिलिमीटरचं छिद्र, दोन्हीकडच्या दाबात एक बारचा फरक. या कप्प्याचा कालस्थिरांक, म्हणजे त्याचा दाब किती वेळात जुळवून घेतो याचं माप, साधारण दोन मायक्रोसेकंद येतो. साध्या ऑयलर पद्धतीने (आत्ताच्या वेगावरून पुढच्या क्षणाची किंमत काढत जाण्याने) वेळेची पायरी चार मायक्रोसेकंदांच्या वर गेली की उत्तर भडकतं. दहा सेकंदांची हालचाल बघायला २५ लाख पायऱ्या, आणि त्या खर्ची पडतात कोणालाच नको असलेल्या एका पोकळीसाठी. अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात. त्यांच्यासाठी इम्प्लिसिट पद्धतीचा (पुढच्या क्षणाच्या किमती समीकरणातच धरून सोडवणारा) सॉल्व्हर निवडावा, किंवा ती पोकळी शेजारच्या कप्प्यात सरळ मिसळून टाकावी.

लांब पाइपांचा विषय वेगळा आहे. तेलात दाबाची लाट सेकंदाला साधारण १,२७० मीटर धावते, म्हणजे तीन मीटर पाइप ती २.४ मिलिसेकंदांत पार करते. घटना त्याहून बरीच संथ असेल तर पाइप हा एकच कप्पा धरून चालतं. व्हॉल्व्ह त्याहून लवकर बंद होत असेल, तर निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये मांडलेलं सूत्र लागू होतं: घनता गुणिले लाटेचा वेग गुणिले थांबवलेला वेग. सेकंदाला चार मीटरने वाहणारं तेल एकदम थांबलं की ४४ बारचा धक्का बसतो.

हल्ली प्रत्येक मॉडेलला 'डिजिटल ट्विन' (खऱ्या यंत्राचा संगणकातला जुळा) म्हणायची पद्धत पडली आहे. हवेचं प्रमाण आणि होजची (लवचीक नळीची) लवचीकता न मोजता काढलेला रंगीत आलेख कशाचाही जुळा नसतो. मोजायची रीत फार अवघड नाही. समजा सिलिंडरचं क्षेत्रफळ दोन्ही बाजूंना २० चौरस सेंटिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची पूर्ण धाव) ५०० मिलिमीटर, पिस्टन मधोमध, वर हजार किलोचं वजन. दोन्हीकडे अर्धा-अर्धा लिटर तेल दोन स्प्रिंगसारखं काम करतं आणि वजन सेकंदाला २४ वेळा (२४ हर्ट्झ) झुलायला हवं. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर आतल्या व्यासाचा दोन मीटर होज जोडला की प्रत्येकी २२६ मिलिलिटर तेल वाढतं आणि आकडा २० हर्ट्झच्या जरा खाली येतो.

आता व्हॉल्व्ह बंद करून वजनाला हलका धक्का द्यायचा आणि दाबाचा सेन्सर सेकंदाला किमान हजार नोंदी घेईल असा लावायचा. समजा आलेखावर १४ हर्ट्झ दिसले. वारंवारता ०.७ पट म्हणजे चिवटपणा तिच्या वर्गाइतका, निम्मा: खरा बल्क मॉड्युलस १,४०० नव्हे, ७०० मेगापास्कल. तो हवेने खाल्ला की होजने, हे ओळखायला दोन्ही बाजूंचा दाब बराच वाढवून तोच धक्का पुन्हा द्यावा. वारंवारता २० कडे सरकली तर तेलात हवा आहे, सक्शनचे जोड तपासा. जवळपास तिथेच राहिली तर होज फुगतोय, तो आखूड करा किंवा शक्य तिथे स्टीलचा पाइप घाला, आणि मग मॉडेलमध्ये नवा आकडा भरा.