पार्श्वभूमी: राष्ट्रपतीपदाला उभं राहायचंय? आधी १०० सह्या आणा

२०२२ च्या राष्ट्रपती निवडणुकीला ११५ अर्ज आले आणि मतपत्रिकेवर नावं फक्त दोन. बाकीच्यांची फार तर "हौशी उमेदवार" म्हणून पेपरात एक चौकट येते. पण १९९७ पासून सलग सहा वेळा सामना दोघांतच झालाय, आणि हे काही आपोआप झालेलं नाही.

राष्ट्रपती निवडतात आमदार-खासदार. त्यांच्यातलाच एक सूचक (नाव सुचवणारा) आणि एक अनुमोदक (त्याला दुजोरा देणारा) मिळाला की सुरुवातीला काम भागायचं. १९६७ ला १७ जण उभे राहिले, त्यातल्या नऊ जणांना भोपळा. १९६९ ला १५ जण होते आणि तेव्हा चक्क अपक्ष जिंकला, तेही दुसऱ्या पसंतीची मतं मोजून (तिसऱ्या नंबरला आपले मराठी माजी अर्थमंत्री होते, हे आता कोणाला आठवत नाही). मग १९७४ ला कायदा बदलला, १० सूचक, १० अनुमोदक आणि अडीच हजार डिपॉझिट. १९७७ ला ३७ अर्ज आले, छाननीत ३६ उडाले आणि निवडणूक बिनविरोध.

तरी १९९२ ला प्रत्येक निवडणुकीला उभे राहणारे म्हणून प्रसिद्ध असलेले बरेलीचे काका जोगिंदरसिंग ऊर्फ "धरतीपकड" अर्ज पास करून उभे राहिलेच, आणि मतंही पडली, मूल्य १,१३५ (इथे प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरावीक मूल्य असतं). पुढची निवडणूक तोंडावर आली तेव्हा, म्हणजे १९९७ ला, सरकारने वटहुकूम काढून ५० सूचक, ५० अनुमोदक, म्हणजे १०० सह्या, आणि १५ हजार डिपॉझिट करून टाकलं. त्या वर्षी माजी मुख्य निवडणूक आयुक्त उभे होते, मागे मुंबईतला एक पक्ष होता म्हणून सह्या जमल्या, पण डिपॉझिट काही वाचलं नाही.

आता यावर लोक म्हणतात की जवळपास ४,८०० आमदार-खासदारांत १०० सह्या म्हणजे जेमतेम दोन टक्के, तेवढ्याही मिळत नसतील तर उभं राहायचंच कशाला. ऐकायला बरोबर वाटतं. पण राष्ट्रपतीपदाचं मतदान गुप्त असतं, व्हिप (अमुकलाच मत द्या असा पक्षाचा आदेश) काढता येत नाही, म्हणजे एखाद्या आमदाराला पक्षाच्या विरोधात मत द्यायचं असेल तर तो गुपचूप देऊ शकतो. अर्जावरची सही मात्र उघड असते, आणि एकाने एकाच उमेदवारासाठी करायची, दोघांसाठी केली तर आधी दाखल झालेल्या अर्जावरचीच धरतात. मग कोण करेल हो सही? कायद्याने मतदाराला जे संरक्षण दिलंय ते सूचकाला नाहीच, त्यामुळे पक्षाने हात वर केले की विषय संपला. शून्य मतवाले नऊ जण थांबवायचे होते हे मान्य, पण त्यासाठी डिपॉझिट वाढवून भागलं असतं असं माझं मत.

आणि कोर्टात जायचं तर आणखी गंमत. निवडणुकीला आव्हान देता येतं ते एकतर उमेदवाराला किंवा २० मतदारांना, म्हणजे पुन्हा आमदार-खासदारच, आणि ते थेट सुप्रीम कोर्टात. एका वकिलाने वर्षानुवर्षं अर्ज भरले, सह्या नाहीत म्हणून ते बाद झाले, मग तो याचिका घेऊन गेला तर कोर्ट म्हणालं तुमचा अर्जच वैध नव्हता, म्हणजे तुम्ही उमेदवार नाही, सबब याचिका चालणार नाही. १९७८ ला हेच, १९८३ ला परत हेच. याउलट २०१२ ला हरलेले ईशान्येतले नेते रीतसर उमेदवार होते, तर त्यांची याचिका पाच न्यायाधीशांपुढे गेली आणि ३ विरुद्ध २ ने फेटाळली गेली.