क्रँक तुटला म्हणजे माल हलका?

गोव्यातल्या सावर्डे-कुडचडे भागात टिपरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: "क्रँक तुटला म्हणजे माल हलका. बाहेरचा फोर्ज्ड किंवा बिलेट टाका, पुन्हा तुटणार नाही."

क्रँक म्हणजे पिस्टनची ये-जा फिरतीत बदलणारा इंजिनातला दांडा; फोर्ज्ड म्हणजे तापवून दाबाखाली घडवलेला, बिलेट म्हणजे अखंड पोलादातून कोरून काढलेला. असं वाटणं साहजिक आहे, हातात तुकडा क्रँकचाच येतो ना! पण बऱ्याच अवजड ट्रकांचा मूळ क्रँकही फोर्ज्डच असतो, आणि तो सहसा एका झटक्यात तुटत नाही. जर्नलच्या, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कडेच्या गोलाईत (फिलेटमध्ये) बारीक तडा जातो, भाराखाली हळूहळू वाढतो आणि एक दिवस उरलेलं पोलाद हार मानतं. तुटलेलं तोंड डिझेलने धुऊन उन्हात बघा. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वक्र रेषा दिसल्या, तर तडा जुना. त्या रेषा ज्या बिंदूभोवती वळलेल्या असतात तिथेच सुरुवात.

आता तडा का गेला? ग्राइंडिंगमध्ये फिलेट टोकदार झाली असेल किंवा कडक थर निघून गेला असेल. मेन बेअरिंगची झीज एकसारखी नसेल तर ब्लॉकची लाइन, म्हणजे त्यातल्या बेअरिंगच्या जागा एका सरळ रेषेत आहेत का, तपासून घ्या. माझा पहिला संशय मात्र डॅम्परवर, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाला बसणाऱ्या, रबराने पीळ शोषणाऱ्या चाकावर. इंजिनच्या फ्युएल पंपाचं डिझेल वाढवून जोर काढला की क्रँकला पीळ जास्त बसतो आणि रबर थकलेलं असेल तर तो पीळ शोषायला कोणी नसतं. डॅम्परच्या मधल्या हबपासून बाहेरच्या रिंगपर्यंत पेंटची एक सरळ रेघ मारा. काही दिवसांनी ती तुटक दिसली तर रबर सरकलंय. अशा इंजिनात महागडा बिलेटही तसाच जाईल.

बिलेट घ्यायचाच असेल तर बसवण्याआधी मशीन शॉपमध्ये मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट, म्हणजे चुंबकाने बारीक तडे दाखवणारी तपासणी, करून घ्या.