वेट बल्बचा हिशेब: दमट हवेतली उष्णता मोजायला माणूस कसा शिकला

मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या. पारा 44 अंशांवर, सापेक्ष आर्द्रता 15 टक्के. आणि मुंबईची दुपार: 33 अंश, 70 टक्के. उष्णता जास्त कुठल्या हवेत? हिशेब मांडला की उत्तर मुंबई येतं. शून्य अंशाची कोरडी हवा आणि शून्य अंशाचं पाणी इथून मोजायला सुरुवात केली, तर दर किलो कोरड्या हवेमागे नागपुरात सुमारे 67 किलोज्यूल भरतात, मुंबईत सुमारे 90. मुंबईच्या हवेत किलोमागे 22 ग्रॅम वाफ असते, नागपूरच्या हवेत जेमतेम 9 आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना अडीच किलोज्यूल गिळले जातात. साध्या थर्मामीटरला त्यांचा पत्ता नसतो.

ही लपलेली उष्णता जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात ओळखली होती. पण हवेत वाफ किती, हे कळल्याशिवाय तिचा उपयोग काय? ते कोडं मँचेस्टरच्या जॉन डाल्टन यांनी सोडवलं, तेही अगदी घरगुती साधनांनी. काचेच्या भांड्यात गार पाणी ओतायचं आणि बाहेरून दव धरतं का ते बघायचं. दव पुसून पाणी थोडं कमी गार करायचं, पुन्हा बघायचं. ज्या तापमानाला दव धरणं थांबतं, तो दवबिंदू. डाल्टन यांनी पाण्याच्या वाफेचा दाब वेगवेगळ्या तापमानांना मोजून कोष्टक केलं होतं, त्यात दवबिंदू शोधला की हवेतल्या वाफेचा दाब हाती येई. वाफ आपला दाब स्वतंत्रपणे देते, शेजारी हवा असो वा नसो, हा त्यांचा 1801 मधला सिद्धान्त आजही प्रत्येक सूत्राच्या मुळाशी आहे.

पण दिवसातून चार वेळा भांडं पुसत कोण बसणार? त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे दोन थर्मामीटर. एक कोरडा, म्हणजे ड्राय बल्ब; दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं, तो वेट बल्ब. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं आणि तितका दुसरा पारा खाली उतरतो. बर्लिनच्या ऑगस्ट यांनी 1820 च्या दशकात यावर सूत्र बसवलं. 1845 मध्ये रेन्यो यांनी त्यातली खोट दाखवली: वारा वाहता आहे की पडलेला, यावर वेट बल्बचं वाचन बदलतं. पुढे आस्मान यांनी छोट्या पंख्याने हवा खेचणारं उपकरण करून तो प्रश्न मिटवला.

इथपर्यंत हे वेधशाळेतलं शास्त्र होतं. त्याला धंद्यात ओढलं सुताने. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये मागांच्या खात्यात सरळ वाफ सोडत. विणकर घामाने निथळत, आजारी पडत. त्यांच्या तक्रारींतून 1889 चा कायदा आला. ड्राय बल्ब इतका असेल तर वेट बल्ब इतक्याच्या वर जाता कामा नये, असं कोष्टकच त्याला जोडलेलं होतं. आपल्याकडच्या 1948 च्या कारखाने कायद्यातलं 15 वं कलम, कृत्रिम आर्द्रतेवरचं, याच प्रश्नाशी संबंधित होतं. गिरणगावातल्या जुन्या माणसांना या दमट खात्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

मग 1902. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, कारण दमट हवेत कागद फुगायचा. काम आलं कॉर्नेलमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या विलिस कॅरियर यांच्याकडे. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या स्टेशनवर धुक्यात उभे असताना त्यांना सुचलं, की धुकं म्हणजे वाफेने पूर्ण भरलेली हवा. ती आपणच पाण्याच्या फवाऱ्यातून तयार केली आणि फवाऱ्याचं तापमान धरून ठेवलं, तर दवबिंदू आपल्या हातात राहील. हवा वाळवायला तिच्यात पाणी मारायचं, हे ऐकायला उफराटंच वाटतं! पण गार फवाऱ्यावर जास्तीची वाफ पाणी होऊन गळते.

कॅरियर यांना लोक एसीचे जनक म्हणून ओळखतात. मला त्यांचं मोठं काम वाटतं ते डिसेंबर 1911 मध्ये अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे वाचलेला निबंध. पाणी उडताना हवा जितकी संवेद्य (थर्मामीटरवर दिसणारी) उष्णता गमावते तितकीच सुप्त (वाफेत लपलेल्या) रूपात मिळवते, म्हणून वेट बल्ब जवळजवळ तसाच राहतो, हा त्याचा गाभा. त्यावर त्यांनी सूत्रं बांधली आणि सगळं एका चार्टवर आणलं. कूलरची मर्यादाही तिथेच दिसते: पाणी उडवून हवा फार तर वेट बल्बपर्यंतच गार होते. वरच्या नागपूरच्या हवेचा वेट बल्ब 23 अंशांच्या आसपास, म्हणजे पारा उतरायला 21 अंशांचा वाव. मुंबईत वेट बल्ब 28 च्या वर, वाव पाचेक अंशांचा.

यात नशिबाचाही वाटा आहे. हवा आणि पाणी या जोडीत उष्णता आणि वाफ साधारण सारख्याच वेगाने पसरतात, म्हणून वेट बल्बचं वाचन कॅरियर यांच्या हिशेबातल्या तापमानाशी जुळतं. पाण्याऐवजी टोल्यूइनसारखा दुसरा द्रव घेतला तर ते जुळत नाही. ही गोष्ट डब्ल्यू. के. लुईस यांच्या कामातून पुढे आली.

1923 मध्ये ड्रेस्डेनच्या रिखार्ड मोलिए यांनी तिरप्या अक्षांवर वेगळा आलेख आखला. युरोपात तो चालतो, आपल्याकडे बहुतेक कॅरियरच्या वळणाचा. आजची सॉफ्टवेअर वाफेच्या दाबासाठी बहुधा हायलँड आणि वेक्सलर यांची 1983 ची सूत्रं वापरतात. छापील चार्ट मात्र एकाच दाबासाठी असतो, बहुतेकदा समुद्रसपाटीच्या. महाबळेश्वरच्या उंचीवर तो तसाच वापरला, तर त्याच ड्राय बल्बला आणि त्याच सापेक्ष आर्द्रतेला किलोमागची वाफ प्रत्यक्षात चार्टवरच्या आकड्यापेक्षा 15 टक्क्यांहून जास्त निघते.