एमएससीआयटी झालंय, मग प्रकल्प घ्यायला शिक्षकांना वेगळं प्रशिक्षण कशाला?

नाशिकच्या शाळांमधून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. समज असा की, संगणक येतो त्या शिक्षकाला तंत्रज्ञान वापरून प्रकल्पही घेता येतो. तसं नाही. 2001 पासून चालू असलेला हा कोर्स संगणक हाताळायला शिकवतो, बस. विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांचं ज्ञान सुटंसुटं असून भागत नाही, हे शिक्षण-संशोधक पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्येच मांडलंय.

लासलगावच्या कांद्याचे भाव घ्या. मुलांनी महिनाभराचे भाव एक्सेलमध्ये भरले, आलेख काढला. इथवर कुणीही नेईल. पण सुट्टीला लिलाव बंद. तो रकाना रिकामा ठेवायचा की शून्य टाकायचं? शून्य टाकलं की रेघ धाडकन खाली येते आणि मुलं ‘भाव कोसळला’ म्हणून मोकळी! तिथं काय विचारायचं, माऊस एकाच हुशार पोराच्या हातात राहिला तर काय करायचं, गुण रंगीत आलेखाला द्यायचे की निष्कर्षाला, हे शिक्षकानं स्वतः असा प्रकल्प केल्यावरच उमगतं.

2020 च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाला वर्षाकाठी 50 तास आहेत. ते पीपीटी सजवण्यात घालवू नयेत, एवढंच.